आत्याचं स्वयंपाकघर

कालिंदी सिल्लोडकरनं चौदा वर्षांत शेकडो घरं काढली, पण त्यांत माणूस एकही काढला नाही. ते तिचं कामच नव्हतं. कार्टूनमधली माणसं, पोरं, बोलणारे बोके दुसरे लोक काढायचे. ही मंडळी जिथं हिंडतात ते घर, अंगण, बाजार, बसस्टँड कालिंदी काढायची. बॅकग्राउंड. आधी जागा तयार ठेवायची, मग पात्रं येऊन तिथं नाचून जायची. पाहणाऱ्याचं लक्ष पात्रांवर. जागेकडेच कुणाचं लक्ष गेलं तर जागा काढणाऱ्याचं काहीतरी चुकलं, असा त्या धंद्याचा हिशेब.

"म्हणजे नुसत्या भिंती काढते," तिच्या सासूबाई, द्वारकाबाई, शेजारणींना सांगायच्या. "बाहुल्यासुद्धा नाही हो. रिकाम्या खोल्या! आणि त्याला म्हणे दिवसभर लागतो."

घर सिडकोत, एन-सातला. सासरे सात वर्षांपूर्वी गेले होते. नवरा केशव पाटबंधारे खात्यात, मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला. लग्नाआधी कालिंदी रीतसर चित्रकला शिकलेली होती. लग्नानंतर दहा वर्षं ती चित्रकला संक्रांतीच्या रांगोळीपुरती आणि पोराच्या शाळेतल्या तक्त्यांपुरती उरली. मग औरंगपुऱ्यात एका साड्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, वैजनाथ नावाच्या माणसानं स्टुडिओ काढला. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांची कामं घ्यायची आणि इथं स्वस्तात करून द्यायची. कालिंदी चाचरत चाचरत चित्रांची फाईल घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशीपासून कामाला लागली.

घरातून विरोध झाला नाही. त्याचं कारण सरळ होतं. द्वारकाबाईंना स्वयंपाकघरात दुसरं माणूस नकोच होतं.

त्या स्वयंपाकघरात एक जाळीचं कपाट होतं आणि त्याला कुलूप होतं. साखर, तूप, चहा, काजू, आल्यागेल्याची बिस्किटं, सगळं आत. किल्ली द्वारकाबाईंच्या कमरेला. बाहेर ओट्यावर तेलाची काचेची बरणी असायची. तेल जिथपर्यंत असेल तिथं बरणीला बाहेरून दोरा बांधलेला. संध्याकाळी त्या दोरा खाली सरकवायच्या. आपल्या हातून जेवढं गेलं तेवढंच गेलंय ना, हे बघून. कपांच्या खिळ्यांवर शेवटचा कप कान तुटलेला, तो सुनेचा. "तुझ्या हातून फुटतात," असं एकदा म्हणून झालं होतं, मग तो कायमचा तिचा झाला. कालिंदीनं चोवीस वर्षांत त्या कपाटातून स्वतःच्या हातानं वाटीभर साखर काढली नव्हती.

पण सकाळी दोन भाज्या चिरून दिल्या की ती मोकळी असायची. दोन्ही वेळचा स्वयंपाक द्वारकाबाई करायच्या. नळाला पाणी आठव्या दिवशी यायचं, कधी पहाटे, कधी भर दुपारी. त्याची वाट पाहत बसणं, मोटर लावणं, टाकी आणि ड्रम भरून घेणं, तेही त्याच करायच्या. कालिंदी साडेनऊला स्कूटी काढायची आणि आठला परत यायची. पाणी कधी येतं हे तिनं कधी विचारलंही नव्हतं. घरात पाणी असायचंच.

गेल्या वर्षी हैदराबादच्या एका कंपनीचं काम आलं. दोन अनाथ भावंडं एका कंजूष आत्याकडे राहायला येतात, अशी मुलांची विनोदी मालिका. नाव भलतंच लांबलचक होतं, स्टुडिओत सगळे तिला नुसतं "आत्या" म्हणायचे.

वैजनाथसरांनी कालिंदीला बोलावलं. "मॅडम, आत्याचं घर तुम्ही करा. सगळी गंमत त्या स्वयंपाकघरात आहे. हे पास झालं, तर पूर्ण मालिकेच्या बॅकग्राउंडच्या प्रमुख तुम्ही. पहिल्या भागांपुरतं आत्ता, आणि पुढचे भाग मिळाले की कायम. शेवटी तुमचं नाव एकटं येईल. यादीत नाही."

चौदा वर्षं तिचं नाव अठरा नावांच्या यादीत इतक्या भरकन वर जायचं, की दाखवायला म्हणून केशवला टीव्हीसमोर बसवलं तरी तो म्हणायचा, "कुठं? गेलं वाटतं." कालिंदीला ते एकटं नाव हवं होतं. इतकं हवं होतं, की तिनं घरी कुणाला सांगितलंच नाही.

तिनं स्वयंपाकघर काढलं. हैदराबादहून परत आलं. दुसरं काढलं, तेही परत आलं. तिसऱ्या वेळी तिथला माणूस फोनवरच बोलला. "फर्निचरच्या दुकानासारखं दिसतं मॅडम. ही बाई इथं रोज स्वयंपाक करते असं वाटतच नाही. चौथ्यांदा नाही जमलं तर आम्ही हे दुसरीकडे देतो."

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि चहासाठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. द्वारकाबाईंनी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, दोन चमचे साखर पातेल्यात टाकली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. मग कान तुटलेला कप खिळ्यावरून काढला. कालिंदी हे रोज पाहत होती. त्या दिवशी तिनं ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चित्र तयार झालं. काही शोधावं लागलं नाही. कपाट, कुलूप, दोरा, खिळे, खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यातली कोमेजलेली तुळस, दाराशी द्वारकाबाईंचा पाट. हात आपोआप चालला, आणि चालताना तिला इतकं बरं वाटत होतं की तिची तिलाच भीती वाटली.

धंद्याची एक रीत असते. घर कुठलंही उचलावं, पण ते कुणाचं हे ओळखू येऊ नये. त्यावर सोपा उपाय म्हणजे काँप्युटरवर चित्र आरशासारखं पलटून टाकायचं. डावीकडचं कपाट उजवीकडे जातं, दार दुसऱ्या अंगाला येतं, आणि रोजची खोली परकी होते. कालिंदीनं चित्र पलटलं. चार वेळा पाहिलं. आपलं घर वाटत नव्हतं. मग तिनं ते पाठवून दिलं.

तासाभरात फोन आला. "मॅडम, ही आत्या मला माहितीये! आमच्या गावातली आहे!"

ती प्रमुख झाली.

राखीपौर्णिमा रविवारी आली, आणि त्याच सकाळी मालिकेचा पहिला भाग होता. धाकटी नणंद शैला वैजापूरहून केशवला राखी बांधायला आली होती, बरोबर तिची आठ वर्षांची मुलगी. कालिंदीनंच सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. "शेवटपर्यंत उठायचं नाही हं. शेवटी माझं नाव आहे, एकटं." द्वारकाबाईंसाठी तिनं खुर्ची पुढे ओढली. तयार झालेला भाग तिनंही पाहिला नव्हता. तिचं काम चित्र देऊन संपलं होतं.

पडद्यावर दार उघडलं आणि हडकुळी आत्या कमरेवर हात ठेवून आत आली. कपाट डावीकडे होतं. दार उजवीकडे. पाट दाराशी.

चित्र सुलटं होतं.

"अय्या, हे तर आजीचं किचन!" पोरगी ओरडली. "आजी, बघ ना, तुझं कुलूप!"

"खरंच की गं," शैला आधी हसली. "वहिनी, कमाल केलीत, तेलाच्या बरणीचा दोरासुद्धा..." आणि तिथं ती थांबली.

केशव रिमोट शोधायला लागला. तो त्याच्याच मांडीखाली होता.

आत्यानं भावंडांना एकेक बिस्किट मोजून दिलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. ते ओढणं कालिंदीनं काढलेलं नव्हतं, दुसऱ्या कुणाचं तरी होतं, पण ते कुणाला पटवून देणार? पोरगी पोट धरधरून हसत होती. द्वारकाबाई खुर्चीत ताठ बसून सगळा भाग पाहत राहिल्या. शेवटी नाव आलं, एकटं, मोठ्या अक्षरांत. पोरीला नुकतंच भराभर वाचता यायला लागलं होतं. तिनं ते खणखणीत वाचून दाखवलं.

"पानं घेऊ का?" द्वारकाबाईंनी विचारलं आणि उठल्या. त्या दिवशी त्यांनी खिरीत इतके काजू घातले, की शैलाला ती खाववेना.

दुपारी कालिंदीनं गच्चीवर जाऊन सांडूला फोन लावला. सांडू पैठणजवळच्या खेड्यातला, स्टुडिओत लेआउटला होता; पात्र कुठून येणार, कुठं उभं राहणार, हे तो ठरवायचा.

"ताई, आत्या त्या अंगानं आत यायला पाहिजे व्हती," तो म्हणाला. "आधीच्या सीनमधी ती तिकूनच चालत येती ना. म्हून म्या चित्र पलटून घेतलं. आपण नेहमीच करतो की. काय झालं, काय चुकलं का?"

काही चुकलं नव्हतं. तिनं पलटलं, त्यानं पलटलं. दोघांनी आपापलं काम नीट केलं होतं.

सोमवारी सकाळी कालिंदी भाज्या चिरायला गेली तर कपाट सताड उघडं. कुलूप नाही, बरणीचा दोरा नाही. द्वारकाबाई पाटावर हात जोडून बसल्यासारख्या बसल्या होत्या, आणि किल्ली ओट्यावर होती.

"ही घे. आजपासून तूच बघ."

"आई, अहो, तसं नव्हतं माझ्या मनात. मी ते उलटं केलं होतं. तिथल्या मुलानं ते परत..."

"उलटं का सुलटं, मला काय कळतंय त्यातलं. माझ्या सासूनं मला लग्नाच्या बाविसाव्या वर्षी किल्ली दिली. देवापुढे, हळदकुंकू लावून. बावीस वर्षं मीही वाटीभर साखर मागत होते, बरं का. तुझं दोन वर्षं जास्त झालं, ते माझं चुकलं. पण मी तिला चव्हाट्यावर नव्हतं बसवलं."

"माफी मागते मी तुमची."

"माफी कशाला? आता घर तुझं. मी हात लावायची नाही कशाला."

आणि त्यांनी खरंच हात लावला नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. सकाळी आंघोळ करून पोथी घेऊन बसायच्या, पान वाढलं की जेवायच्या. भाजीत मीठ कमी असलं तर काही न बोलता उठायच्या. कालिंदी पाचला उठायला लागली. पोळ्या, भाजी, केशवचा डबा, द्वारकाबाईंचं दुपारचं झाकून ठेवलेलं, आणि स्टुडिओत पोचायला साडेअकरा. पहिल्या आठव्या दिवशी दुपारी नळ आला आणि गेला. "पाणी आलं होतं वाटतं," द्वारकाबाई संध्याकाळी म्हणाल्या. "आवाज येत होता मोटरीचा शेजारच्यांच्या." त्या आठवड्यात टँकर मागवावा लागला. नंतर कालिंदी पाण्याच्या दिवशी घरीच थांबायला लागली, आणि दिवस नक्की नसायचा म्हणून कधी दोन दिवस थांबायला लागली.

केशवला तिनं सांगून पाहिलं. तो बूट घालत होता.

"आईचं दुखावलंय ना जरा. निवळेल. तूही अशी ना कालिंदी, जग पडलं होतं काढायला, आपलंच घर कशाला काढायचं?"

"निदान पाण्याचं तुम्ही बघा."

"मी? ऑफिसातून?"

शैलाचा वैजापूरहून फोन यायचा. "वहिनी, आमच्याकडे जावा मला चहा देताना विचारतात, साखर मोजून घालू का. आणि हसतात. तुम्ही तिथं बरंय, चित्र काढून मोकळ्या!"

स्टुडिओत वैजनाथसर आधी समजून घेत होते. मग त्यांचं "काही हरकत नाही" छोटं छोटं होत गेलं. कालिंदी नसली की पोरं सांडूला विचारायची, आणि सांडू बिचारा तिला फोन लावायचा. पण तिचे हात कणकेत असायचे. तरी आत्याची मालिका चांगली चालली. हैदराबादवाले पुढच्या भागांसाठी तयार झाले. आता आत्याचं माहेर दाखवायचं होतं, एक अख्खं खेडं. कालिंदीनं पहाटे चार-चारला उठून त्याचा आराखडा काढला. हैदराबादवाले सही करायला स्वतः येणार होते, आणि येताना प्रमुख कोण हे पक्कं करणार होते.

तारीख कळली तेव्हा कालिंदीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पितृपक्ष. सप्तमी. सासऱ्यांची तिथी.

वैजनाथसर म्हणाले, "त्यांचं विमान आहे मॅडम, तारीख हलत नाही. अकरा ते एक, दोन तास या फक्त. बाकी मी बघतो."

द्वारकाबाई म्हणाल्या, "तिथी का तुझी-माझी आहे हलवायला?"

"एखादी स्वयंपाकाची बाई सांगू का आई?"

"सांग की. किल्ली तुझ्याकडे आहे."

केशव मात्र उखडला. "श्राद्धाला बाहेरची बाई? गुरुजी जेवतील का आपल्याकडे? बाबांचं वर्षातून एकदा असतं गं."

मग कालिंदी सासूच्या पायाशी बसली, लग्नानंतर पहिल्यांदाच. "आई, मी साडेदहापर्यंत सगळं करून ठेवते. वडे तेवढे तळून वाढाल का तुम्ही? दीड वाजता मी हजर. माझं चौदा वर्षांचं काम आहे हो."

द्वारकाबाईंनी पोथी मिटली. "वडे ना," त्या म्हणाल्या. "एवढं करीन मी."

कालिंदीला रडू आलं, इतकं तिला ते मोठं वाटलं.

सप्तमीला ती साडेतीनला उठली, डोक्यावरून पाणी घेतलं, सोवळ्याची साडी नेसली. गवार, भोपळा, कारलं, अळू, कढी, खीर, आमसुलाची चटणी, पुरण. भरड्याचं पीठ भिजवून झाकून ठेवलं. दहा वीसला तिनं बाहेर डोकावून म्हटलं, "आई, झालंय माझं. तुम्ही आंघोळ करून सोवळं नेसता ना? मी निघते."

द्वारकाबाई खुर्चीत होत्या. साध्या साडीत. गुडघ्याला तेल चोळत.

"अगं, धरलाय गुडघा सकाळपासून. उभं राहवेना. मला वाटलं उतरेल."

कालिंदी दारातच थांबली. गुडघा खरंच सुजला होता की नाही, हे साडीच्या वरून दिसत नव्हतं, आणि साडी वर करून पाहायची तिची हिंमत नव्हती. केशव देवघरात गुरुजींची पानं मांडत होता. त्यानं ऐकलं, आणि तो दर्भ मोजायला लागला.

ती परत आत गेली. कढई ठेवली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी बाहेर टेबलावरचा फोन वाजायला लागला. सोवळ्यात फोनला हात लावायचा नाही. वाजून थांबला, पुन्हा वाजला. चौथ्यांदा वाजला तेव्हा ती झारा हातात घेऊन दारापर्यंत आली.

"आई, तेवढा उचलून धरा ना माझ्याजवळ. मी लांबून बोलते."

द्वारकाबाईंनी फोन उचलला. स्वतःच्या कानाला लावला.

"हॅलो. हो, मी तिची सासू. ती सोवळ्यात आहे. सोवळ्यात म्हणजे सोवळ्यात. नाही हो, आज नाही जमायचं तिला. काय? चूल? कुठल्या भिंतीला?" त्यांनी दारातल्या कालिंदीकडे पाहिलं. "कुठल्याही भिंतीला दाखवा. तिच्यापुढे बसणारी एकच असते. ठेवू का?"

त्यांनी फोन पालथा घालून ठेवला. "वडे करपतायत बघ," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी वड्यांची तारीफ केली. द्वारकाबाईंनीही दोन घेतले आणि म्हणाल्या, "हात बसला हो तुझा."

संध्याकाळी वैजनाथसरांचा फोन आला. ते वाईट बोलले नाहीत. पाहुण्यांपुढे आराखडा कुणीतरी समजावून सांगायला हवा होता, तो सांडूनं सांगितला. खेड्यातलाच तो, रंगून सांगितला. त्यांना आवडला. "त्यांनी प्रमुख म्हणून त्याचंच नाव घातलं मॅडम. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला घरून जमेल असं काम देतो. आकाश करा, झाडं करा. सुटी चित्रं. वेळेचं बंधन नाही."

"बरं," कालिंदी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सांडू पेढे घेऊन घरी आला. चपला बाहेर काढून दारातच घुटमळला. कालिंदीनं त्याला आत बसवलं, चहा टाकला, भरपूर साखर घातली.

"ताई, म्या नाय म्हणलं व्हतं त्यायला," तो कपाकडे बघत म्हणाला. "म्हणलं, हे ताईचं हाय, ताईच पाहिजेत. ते म्हणले, ताई कुठंयत? मंग म्या काय सांगू?"

"बरोबर आहे तुझं."

"लई वंगाळ वाटायलंय. पण तुमच्याबिगर मला जमायचं नाय, हे खरं. हे बघा बरं जरा." त्यानं पिशवीतून टॅब काढला आणि तिच्यापुढे धरला. आत्याच्या माहेराचं घर त्यानं पूर्ण रंगवलं होतं. "उद्या पाठवायचंय. नीट बघा ताई, तुमची नजर येगळी हाय."

कालिंदीनं चष्मा लावला. ऊन दारातून आत येत होतं आणि सावल्या मात्र खिडकीतून आल्यासारख्या पडल्या होत्या. चूल थेट दाराच्या तोंडाशी होती, तिथं वाऱ्यानं जाळ टिकला नसता. धुराची काजळी चुलीमागच्या भिंतीवर नव्हती, समोरच्या भिंतीवर होती. तीन चुका, आणि तिन्ही मिळून घर पहिल्या नजरेलाच खोटं पडत होतं. हैदराबादवाला काय म्हणेल, तेही तिला शब्दन्‌शब्द माहीत होतं. दहा मिनिटांचं काम होतं. सांडू हातात पेन घेऊन, ती म्हणेल ते टिपायला, पुढे वाकून बसला होता.

तिनं चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं, पुन्हा लहान केलं. चष्मा काढून पदरानं पुसला.

"छान झालंय," ती म्हणाली.

"खरंच? काय बदलू का?"

"काही नको," कालिंदी म्हणाली, आणि पेढ्यांचा पुडा त्याच्यापुढे सरकवला. "घे, तूही घे एक."